सात नंबरचं पोर्ट

१ ऑक्टोबर २००७, सोमवार

फायरवॉलच्या पेटीची चारही पोर्ट, म्हणजे वायर खोचायची तोंडं, भरली. एकात बाहेरून येणारं इंटरनेट, दुसऱ्यात ऑफिस, तिसऱ्यात सर्व्हर, चौथ्यात गोडाऊन. आता मालकांना आणखी तीन जागा जोडून पाहिजेत: बियाणं तपासायची नवी लॅब, वजनकाटा आणि गेस्ट हाऊस. गोपीकिशनजी म्हणाले, "बद्रीनाथजी, एक साधा डबा लावा आणि वायरी वाढवून टाका. खर्चा कशाला?" मी म्हणालो, तसं केलं तर गेस्ट हाऊसमध्ये उतरलेला कोणताही व्यापारी आपल्या सर्व्हरपर्यंत पोचेल. आहे त्याच पेटीत चार पोर्टांचं जादा कार्ड बसतं. मग प्रत्येक पोर्टाला वेगळा नियम लावता येतो. लॅबनं काय बघायचं, काट्यावरच्यानं काय बघायचं आणि पाहुण्यांनी काय अजिबात बघायचं नाही.

ते "मागवा" म्हणाले. पाच वर्षांत पहिल्यांदा माझं म्हणणं एका बैठकीत मान्य झालं. घरी येऊन शिवकन्येला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. "म्हणजे चौकीदार तोच, दारं जास्त," म्हणाली. मालकांना समजवायला मला अर्धा तास लागला होता.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

पुण्याहून कार्ड आलं, ट्रॅव्हल्सच्या पार्सलात. दोनदा खोलून बघितलं आणि परत गुंडाळून ठेवलं. बसवायला पेटी तासभर बंद ठेवावी लागणार, आणि तासभर बंद ठेवू द्यायला कोणी तयार नाही. कपाशीच्या प्लॉटांचा हंगाम आहे. आमची कंपनी संकरित बी शेतकऱ्यांच्या शेतात तयार करून घेते. कोणत्या गावात, कोणाच्या रानात, कोणतं बी, ही यादी म्हणजे कंपनीचा जीव. दुसऱ्या कंपनीच्या हाती लागली तर ते थेट बांधावर जाऊन जादा भावानं बी उचलतील.

ती यादी टाइप करते बेबीनंदा. परतूरहून रोज पॅसेंजरनं जालन्याला येते. तिला कॉम्प्युटर मीच शिकवला. आता माझ्या चुका तीच काढते, आणि काढताना "सर" म्हणायला विसरत नाही. तिनंच सुचवलं, "सर, खंडेनवमीला करा ना. त्या दिवशी सगळंच बंद असतंय." हे मला सुचायला पाहिजे होतं.

२० ऑक्टोबर, शनिवार, खंडेनवमी

कार्ड बसलं. पेटी परत चालू केली आणि पाच ते आठ नंबरचे दिवे लागले तेव्हा मी एकटाच हसत होतो. पाचला लॅब, सहाला काटा, सातला गेस्ट हाऊस. आठ रिकामं.

नवं पोर्ट मुळात सगळ्याला बंद असतं. वायर बराबर आहे की नाही हे तपासायला मी तिन्हींसाठी एक तात्पुरता नियम लावला: सगळ्यांना सगळं खुलं. तिन्ही जागांवरून सर्व्हर दिसला. आता एकेकाचे नियम लिहायचे आणि तो तात्पुरता नियम काढायचा, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात पूजा आली.

आमच्याकडे खंडेनवमीला गोडाऊनच्या मशिनपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्याची पूजा होते. मालकांच्या आई लाडबाई स्वतः ताट घेऊन फिरतात. बेबीनंदा मागं झेंडूची टोपली घेऊन होती. लाडबाईंनी फायरवॉलला कुंकू लावलं, वर फूल ठेवलं, लाल दोरा बांधला. मी म्हणालो, "आईसाब, पाच मिनटं काम राह्यलंय." त्या म्हणाल्या, "बेटा, पूजा झाली. आता आज हात नको लावू. चालू राहू दे, पण हात नको." आमच्या गावीही पूजलेल्या विळ्याला त्या दिवशी कोणी हात लावत नाही. मी हात मागं घेतला.

बेबीनंदाला म्हणालो, "सोमवारी आठवण कर, मी विसरेन." उद्या दसरा, गावाकडं घनसावंगीला जायचंय. आपट्याची पानं आईसाठी इथूनच नेतो.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

कालपासून काट्याचा कॉम्प्युटर बंद पडलाय. लोडशेडिंगमध्ये बॅटरी टिकत नाही. बाहेर ट्रकांची रांग लागते आणि ड्रायव्हर लोक मलाच शिव्या घालतात. दोन दिवस तिथंच उभा होतो. जागेवर आलो तर मॉनिटरवर बेबीनंदाची चिठ्ठी चिकटवलेली: "सर, ते राहिलंय." मी तिला सांगितलेली तीन कामं डोक्यात आली. सीडी कॉपी करायची होती, ती केली. हसून चिठ्ठी वहीत ठेवली. पोरगी फार टापटीप आहे.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

गेस्ट हाऊसला बाहेरगावचे दोन व्यापारी उतरलेत. त्यांच्या लॅपटॉपला पहिल्या झटक्यात इंटरनेट मिळालं. गोपीकिशनजी सगळ्यांसमोर म्हणाले, "हमारे बद्रीनाथजी का काम पक्का रहता है." आज घरी जाताना पेढे घेतले.

२० नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी गेली, काही लिहिलं नाही. आज मात्र मोठा घोळ झाला.

घनसावंगीकडचे प्लॉट बघणारे तातेराव सकाळीच येऊन बसले होते. दुसऱ्या कंपनीची जीप त्यांच्या भागात फिरतेय. विचारपूस न करता थेट आपल्याच प्लॉटांवर जाते. "कागद व्हता त्यांच्या हातात," तातेराव सांगत होते. "आपलेच नंबर, आपलीच नावं. मी डोळ्यानं पाह्यलं. अकरा प्लॉटाचं बी गेलं, सायेब."

यादी बाहेर गेली. गोपीकिशनजींनी मला बोलावून विचारलं, बाहेरून कोणी घुसलं का? मी बाहेरच्या बाजूच्या नोंदी तपासल्या. काही नव्हतं. तसं सांगितलं. खरंच काही नव्हतं.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

बेबीनंदाला काढलं.

बाहेरून कोणी आलं नाही, म्हणजे आतल्याच माणसानं दिली, असा हिशेब. यादी टाइप करते ती एकटी. शिवाय तिची आई चतुराबाई पूर्वी अशाच प्लॉटांवर संकरासाठी हातानं फुलं जोडायच्या कामाला जायची, त्यातला एक प्लॉट त्या दुसऱ्या कंपनीचा होता. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेवढी पुरली. केबिनमध्ये मलाही उभं केलं होतं. गोपीकिशनजी म्हणाले, "बद्रीनाथजींनी तपासलंय. मशीन दगा देत न्हाई, माणूस देतो." ती माझ्याकडं बघत राहिली. रडली नाही. "मी दिली न्हाई," एवढंच म्हणाली आणि डबा घेऊन गेली.

घरी जेवण गेलं नाही. शिवकन्येनं विचारलं, काय झालं. सांगितलं. ती म्हणाली, "ती परतूरची? किती वर्षांची आहे?" म्हणालो, असेल बावीस-तेवीसची. "लग्न झालंय?" नाही म्हणालो. मग तिनं माझं ताट उचलून नेलं. बायकांना एकमेकींचं वाईट वाटतंच.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

आता मला कळलं. 

मंगळवारी मी फक्त बाहेरच्या बाजूच्या नोंदी बघितल्या होत्या. आज सहज आतल्या बघितल्या. २६ ऑक्टोबर, दुपारी चार वाजून बारा मिनिटं: सात नंबरच्या पोर्टावरून सर्व्हर, प्लॉटांचं फोल्डर. गेस्ट हाऊस. नंतर परत चार वाजून एकोणीस मिनिटं. तात्पुरता नियम अजून तसाच आहे, सगळ्यांना सगळं खुलं. मी काढलाच नव्हता.

वही उघडून चिठ्ठी काढली. "सर, ते राहिलंय." तिनं सांगितलं होतं. मी तिला आठवण करायला सांगितलं, तिनं केली, आणि मी चिठ्ठी वहीत ठेवून हसलो. काल ती माझ्याकडं बघत होती ती ह्यासाठी. मी तोंड उघडेन म्हणून. आणि मला वाटलं ती आधार शोधतेय.

उद्या सांगतो.

२४ नोव्हेंबर, शनिवार

पेटी तीस दिवसांच्याच नोंदी ठेवते. २६ ऑक्टोबरचं पान उद्या आपोआप पुसलं जाणार. आज त्याची दोन पानं छापून घेतली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली. एवढं तरी केलं.

दोनदा केबिनपर्यंत गेलो. पहिल्यांदा आत माणसं होती. दुसऱ्यांदा एकटेच होते. मला बघून त्यांनीच सुरू केलं, "बद्रीनाथजी, तुमचं कार्ड झालं ते बरं झालं. न्हाईतर आज मी तुमच्यावरच शक घेतला असता." मी वजनकाट्याच्या बॅटरीचं बोलून बाहेर आलो.

तो नियम अजून काढलेला नाही. कोणी कधी काय बदललं याचीही नोंद पेटी ठेवते, आणि ती पुसत नाही. आज काढला तर आजची तारीख माझ्या नावापुढं लागणार. पेटीची देखभाल करणारा पुण्याचा इंजिनिअर आला तर विचारेल, आजच का? चार दिवस जाऊ देतो. हे लिहिताना मला माझीच लाज वाटतेय, पण खोटं कशाला लिहू.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

बेबीनंदाच्या जागेवर राजकुमारी म्हणून मुलगी आली. मालकांच्या नात्यातली आहे, कामाला चांगली आहे. तिला यादीचं काम मीच समजावलं. समजावताना घाम फुटत होता. ती म्हणाली, "सर, पंखा लावू का?"

शिवकन्या दोन दिवस धड बोलत नाही. आज ताट जरा आदळूनच ठेवलं. म्हणाली, "गेलेल्या माणसाचं एवढं दुःख बरं न्हाई." मी म्हणालो, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, "मला लई कळतंय." बेबीनंदाचं नाव घरात काढायचं नाही असं ठरवलं.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

गेस्ट हाऊस भरलंय. नागपूरचे दोघे आलेत. काटा बराबर चाललाय.

आज तातेराव भेटले. परतूरच्या बाजारात म्हणे सगळ्यांना माहीत झालंय. "पोरीनं कंपनी विकली" असं म्हणून राह्यलेत लोक. तातेरावांनीच सांगितलं असणार, कारण सांगताना ते फार मन लावून सांगत होते.  त्यांच्यावर रागावायला माझ्याकडं तोंड कुठाय.

२ डिसेंबर, रविवार

परतूरला जाऊन आलो. शिवकन्येला सांगितलं, कामाला चाललोय. तिनं विचारलं, कुठं, आणि मी खरं सांगितलं. ती आत निघून गेली.

घर स्टेशनपासून जवळच आहे. चतुराबाईंनी खुर्ची पुसून दिली. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की तिथंच परत फिरावंसं वाटलं. शेजारणीला बोलावून म्हणाल्या, "हेच ते सर. पोरीला यांनीच शिकवलं. कंपनीतलं एक कुत्रं आलं न्हाई, हे मात्र इतक्या लांब आले." मग माझ्याकडं वळून, "सर, तुम्ही तरी म्हणा की माझ्या लेकीनं न्हाई केलं." मी म्हणालो, "नाही केलं." त्या डोळे पुसायला लागल्या. पोहे केले. मी खाल्ले. पिशवीत ती दोन पानं होती, मांडीवर पिशवी होती, आणि मी पोहे खात होतो.

बेबीनंदा स्टेशनपर्यंत सोडायला आली.  फलाटावर मी पानं काढून तिच्या हातात दिली. तिनं उभ्या उभ्याच वाचली, बोट ठेवून, जशी ती यादी तपासायची.

"मला ठावकीच व्हतं सर," म्हणाली.

मी विचारलं, मग केबिनमध्ये का नाही बोललीस?

"मी म्हणले असते तर कोणी ऐकलं असतं का? मला वाटलं, तुम्ही म्हणसाल." तिनं पानांची घडी घातली आणि मला परत दिली. "आता ते बंद केलं का तुम्ही?"

मी पानं पिशवीत कोंबायला लागलो.

"म्हणजे अजून उघडंच हाय?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझ्या जागी राजकुमारी बसली ना? मंग सर, आता तिच्यावर जाईल."

गाडी आली. जालन्यापर्यंत बसायला जागा असून दारात उभा राहिलो. माझी नोकरी, माझं नाव, पुण्याचा इंजिनिअर, हेच दहा दिवस डोक्यात होतं. राजकुमारीचा विचार एकदाही आला नव्हता. तिला यादी मी स्वतः शिकवली तरी आला नव्हता. मी भित्रा आहे हे माहीत होतं. मी एवढा हलका माणूस आहे हे आज कळलं.

३ डिसेंबर, सोमवार

सकाळी गेल्या गेल्या नियम काढला. तिन्ही पोर्टांचे वेगळे नियम लिहिले. गेस्ट हाऊसला फक्त इंटरनेट. सगळं मिळून सहा मिनिटं लागली. बदलांच्या नोंदीत आजची तारीख आणि माझं नाव आलं. नागपूरच्या लोकांनी काही उघडलेलं नव्हतं, हे आमचं नशीब.

संध्याकाळी शिवकन्येला समोर बसवून सगळं सांगितलं, पोर्टापासून पोह्यांपर्यंत. ती ऐकता ऐकता रडायला लागली आणि मधेच हसली. "एवढंच व्हतं?" म्हणाली. मला राग आला. एवढंच म्हणजे काय? मग तिनं सांगितलं की तिला काय वाटत होतं. मी तोंडात बोटं घालून बसलो. जरा वेळानं तिचं हसू गेलं. "मंग नोकरी जाईल," म्हणाली. बहुतेक जाईल, म्हणालो. तिनं पदरानं नाक पुसलं. "त्या पोरीची गेलीच की," म्हणाली.

५ डिसेंबर, बुधवार

आज प्लॉट बघणाऱ्यांची बैठक होती. चाळीसेक गावांची माणसं. मालकांना केबिनमध्ये सांगितलं असतं तर ते केबिनमध्येच राहिलं असतं. बदनामी या लोकांच्या तोंडून गावोगाव गेली, म्हणून यांच्यासमोरच बोलायचं असं ठरवून गेलो होतो. चहा फिरत असताना उठलो. काय काय बोललो ते नीट आठवत नाही. आवाज बारीक निघत होता. मागून कोणीतरी म्हणालं, "जोरात बोला." मग जोरात बोललो. नवं कार्ड मी बसवलं, तपासायला सगळं उघडं केलं, बंद करायचं विसरलो. बेबीनंदानं चिठ्ठी लिहून आठवण केली होती. यादी गेस्ट हाऊसमधून गेली. तेवीस नोव्हेंबरपासून मला माहीत आहे आणि मी गप्प होतो. पानं तातेरावांच्या हातात दिली. इंग्रजी पानं त्यांना वाचता येत नव्हती, तरी त्यांनी ती सगळ्यांना दाखवली.

लाडबाई दारातच खुर्चीवर होत्या. म्हणाल्या, "मी हात लावू नको म्हटलं, म्हणून झालं का रे?" खरं सांगतो, हो म्हणायचा मोह झाला. सगळ्यांनी मान्यही केलं असतं. म्हणालो, "न्हाई आईसाब. तुम्ही एक दिवस अडवलं. पुढं दीड महिना मला कोणी अडवलं नव्हतं."

गोपीकिशनजींनी बैठक उरकली. नंतर केबिनमध्ये एक कोरा कागद पुढं सरकवला. "सगळे पासवर्ड लिहा." लिहिले. ते म्हणाले, "चूक मी माफ केली असती. माझ्या तोंडून त्या मुलीला चोर म्हणवलं, ते न्हाई करू शकत." मी म्हणालो, तिला परत बोलवा. म्हणाले, "उद्याच माणूस जाईल. तुम्ही उद्यापासून येऊ नका." जाताना राजकुमारीनं माझ्यासाठी दार धरलं. तिला कळलं असावं.

९ डिसेंबर, रविवार

तातेरावांचा फोन आला होता. मालकांचा माणूस परतूरला जाऊन आला. बेबीनंदा परत येत नाही म्हणाली. तिथंच एका झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरचं काम धरलंय. बाजारात आता तिच्याऐवजी माझं नाव चालतं, असंही त्यांनी सांगितलं. तेही मन लावूनच.

दुपारी दुसरा फोन आला. चतुराबाई. कुठल्या तरी दुकानातून बोलत होत्या, मागं गिऱ्हाइकांचा आवाज होता.

"सर, तातेराव सांगून गेले ते खरं हाय का?"

हो म्हणालो.

"म्हणजे माझ्या घरी बसले, पोहे खाल्ले, तव्हा तुम्हाला ठावकी व्हतं?"

हो म्हणालो.

"मी तुमच्या पुढ्यात रडले, तव्हाबी?"

हो.

  मग म्हणाल्या, "पोरीनं मला सांगतलं न्हाई. ती म्हणती सरला बोलू नको. पण मी बोलते. परत माझ्या दारात यायचं न्हाई तुम्ही. कव्हाच यायचं न्हाई." आणि फोन ठेवला.

शिवकन्येनं विचारलं, कोणाचा होता. सांगितलं. तिला वाटलं मी कोसळेन, म्हणून ती पाणी घेऊन आली. पण मला नीट श्वास लागला होता. मालकांनी शांतपणे काढलं, बेबीनंदानं पानांची घडी घालून परत दिली, शिवकन्येनं समजून घेतलं. माझ्यावर ओरडायचा हक्क होता तो एका बाईनं आज वापरला. मी तिला उलट एक शब्द बोललो नाही, आणि आता तिच्या दारात जाणार नाही.